कोकणातलं बंद घर, दीड एकर वाडी आणि हातात फक्त एप्रिल-मे: आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांचं कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, भोवती दीड एकर वाडी, त्यात हापूसची सात-आठ जुनी झाडं, थोडे माड, एक विहीर, घर चार वर्षं बंद, आणि आता तुम्ही दोघं मुलांना आणि आईंना घेऊन एप्रिल-मे तिथेच राहणार, लॅपटॉपवर ऑफिसही सांभाळणार आणि त्यातच छप्पर, रंग, फरशी, नवी बाग, भाजीपाला असं सगळं उरकायचं म्हणताय. शिवाय कौलं काढून स्लॅब टाकावा का असंही विचारलंय. मी ९४ साली लग्न होऊन दापोली तालुक्यात आले, केळशी-आंजर्ले पट्ट्यात, तेव्हापासून अडीच एकर वाडी आणि एक खूप जुनं घर सांभाळतेय, त्यामुळे यातल्या बहुतेक चुका करून झाल्यात माझ्या. तेवढ्या अधिकारावर सांगते.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे दोन महिने नाहीयेत. पूर्वी सगळे मृगाचा हिशोब धरायचे, ७ जून, आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कौलं चाळत बसायचे. मी आता २० मे धरते. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता आणि इकडे तर त्याच्या आधीपासूनच असा कोसळत होता की वळीव म्हणावा का पावसाळा तेच कळेना. आमचा गोठा तेव्हा उघडा होता, नवे वासे चढलेले, कौलं खाली रचून ठेवलेली, सुतार कुठल्या तरी लग्नाला गेलेला. वर्षाचा पेंढा भिजला, माडीवरची लाकडं भिजली, आणि दोन म्हशी आठ दिवस आमच्या पडवीत. तेव्हापासून घरात नियमच आहे, २० मेनंतर छपराचं एक कौलसुद्धा उचलायचं नाही. म्हणजे १ एप्रिलला आलात तरी हाताशी सात आठवडे. त्यातला एक साफसफाईत आणि एक गडीमाणसं शोधण्यात जाणार हे धरूनच चाला, कारण मेमध्ये लग्नसराई, आंब्याची काढणी आणि चाकरमान्यांची घरदुरुस्ती एकाच वेळी येते, बागांमधून बरेचसे नेपाळी कामगार असतात ते पेट्या भरण्यात गुंतलेले आणि चांगला सुतार तर शिमग्याच्या आधीच बुक झालेला असतो. तुम्ही अजून कोणाशी बोलला नसाल तर आजच फोन करा, माझं बाकीचं उत्तर नंतर वाचा.

या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या मते तीनच कामं करायची, छप्पर, पाणी जायची वाट, आणि झाडांसाठी खड्डे. रंग, फरशी, किचन ओटा, कपाटं हे सगळं दिवाळीनंतर. का ते पुढे येईलच.

छप्पर. आधी सुताराला न बोलवता स्वतः बघा. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, माळ्यावर चढा, दारंखिडक्या बंद करा आणि अंधारात दहा मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसायला लागतात. आता केरसुणीतली एक हीर घ्यायची (माडाच्या पातीची, लांब आणि ताठ असते ती) आणि ज्या फटीतून उजेड येतोय तिथून बाहेर सारायची. आपला माणूस बाहेर शिडीवर असतो, त्याला हीर वर आलेली दिसते, तो तिथे चुन्याची खूण करतो. आमच्या सासूबाईंची पद्धत आहे ही. पहिल्या वर्षी मला पोरखेळ वाटला होता, पण खालून नुसतं "अहो डावीकडे, अजून जरा वर" असं ओरडत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी माणूस भलतंच कौल बदलून खाली उतरतो.

मग वासे. हातात साधा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाला दोन ठिकाणी टोचा, भिंतीवर टेकतो तिथे आणि आढ्याला मिळतो तिथे. मधे नाही टोचलंत तरी चालेल, वासा कुजतो तो बहुतेक टोकालाच, कारण ओल तिथेच धरते. टोक पाव इंचाच्या वर आत गेलं आणि भुसा आला तर तो वासा गेला. खाली जमिनीवर पिवळट पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर भुंग्याचं काम, आणि भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी. तुमचं घर चार वर्षं बंद आहे म्हणजे वाळवी असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वाळवीच्या जुन्या घरोब्यामुळे पडलेलं घर मी अजून पाहिलं नाही, पागोळ्यांचं पाणी भिंतीत शिरून पडलेली मात्र चार पाहिलीत. बदलायचा वासा किंजळ नाहीतर आईनाचा मिळाला तर बघा, जुन्या घरांतून तोच असतो. काजूच्या टरफलाचं तेल लावलं की कीड लवकर जवळ येत नाही, पण ते हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, तेव्हा हातमोजे घालूनच, आणि मुलांना त्या दिवशी समुद्रावर पाठवा.

रीपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या ज्यांवर कौल टेकतं, त्या मात्र एका पाख्यावरच्या (छपराच्या एका उतारावरच्या) सगळ्या एकदम बदलून घ्या. चार नव्या, चार जुन्या असं केलं की दोन रीपांमधलं अंतर चुकतं आणि कौल नीट बसत नाही, मागच्या बाजूला उचललं जातं आणि वाऱ्याच्या पावसात नेमकं तिथूनच पाणी आत. मंगलोरी कौलाला हे अंतर साधारण साडेबारा इंच असतं पण आपलीच दोन कौलं एकमेकांत अडकवून त्यावरून माप घ्यायचं, कागदावरचं नको. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं लागतात. कमी पडली तर नवीन घेण्याआधी गावात कोणाचं घर पाडलंय का ते विचारा, आणि घेताना आपलं एक कौल सोबत घेऊन जा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, खाचा निराळ्या असतात. जाता जाता, तुमच्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशन आणि १८६५ असा शिक्का असेल तर कौलं तितकी जुनी आहेत म्हणून नाचू नका, त्या साली मिशनऱ्यांनी मंगळुरात कारखाना काढला, तो कारखान्याचा सन आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ते कौल हातात घेऊन फोटो काढतो आणि मला दरवेळी हे सांगावं लागतं. असो.

एक हौस मात्र या उन्हाळ्यातच करून घ्या, काचेची कौलं. स्वयंपाकघरात दोन, न्हाणीत एक. आमच्या माजघरात दिवसा बल्ब लावावा लागायचा, एक काचेचं कौल बसवलं आणि सासूबाई तांदूळ निवडायला ओटीवरून आत आल्या.

आता स्लॅब. टाकू नका. एक तर जुन्या घरांतले चिरे (जांभ्याचे दगड) बहुतेक मातीत बसवलेले असतात, त्या भिंतींवर स्लॅबचं वजन द्यायचं म्हणजे आधी कॉलम उभे करावे लागतात, म्हणजे दुरुस्ती राहिली बाजूला, नवीन घरच. दुसरं, आपल्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या गावात फिरायला या, जितके स्लॅब तितक्याच त्यांच्यावर पत्र्याच्या शेड दिसतील, म्हणजे छपरासाठी स्लॅब आणि स्लॅबसाठी पुन्हा छप्पर. आणि मेमध्ये दुपारी तीन वाजता स्लॅबखाली झोपून दाखवा.

पत्र्याचं म्हणाल तर तो धडा मी स्वतः घेतलाय. पडवीला २०१९ साली मी हौसेनं रंगीत पत्रे घातले होते, आमचे हे नको म्हणत होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि आमचा पट्टा त्याच्या दक्षिण अंगाला सापडला. दुपारी पडवीचे पत्रे एकामागून एक उचकटून गेले, आवाज तोफेचा, आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या आगरात पोफळींना गुंडाळलेला सापडला. मुख्य घराची तीनेकशे कौलं फुटली, पण वासे जागच्या जागी होते आणि चार दिवसांत आम्ही पुन्हा छपराखाली. आमच्या सुतारांचं म्हणणं, कौलं सुटी असतात, वारा मधून वाट काढतो, पत्रा सगळा मिळून शिडासारखा फुगतो. त्यांचं शास्त्र किती बरोबर मला माहीत नाही पण पडवीवर आता पुन्हा कौलंच आहेत. फारच माकडं असतील तर लोक हल्ली लोखंडी फ्रेमवर खाली पत्रा आणि वर कौलं असं करतात, म्हणजे माकडाने कौल फोडलं तरी आत गळत नाही. खर्च दुप्पट होतो, पण माणूस कायमचा राहत नसेल तर तेही वाईट नाही.

वादळातलं अजून एक. वीज गेली ती महिनाभर आली नाही. विहीर पाण्याने भरलेली आणि पंप मेलेला. तेव्हा रहाटाचं जुनं लाकूड अजून शाबूत होतं म्हणून आम्ही पोहऱ्याने पाणी काढलं. तुमच्या विहिरीवर हाताने पाणी काढायची काहीतरी सोय ठेवाच, नुसती लोखंडी कप्पी आणि दोरखंड असला तरी चालतो. पंपाचा वेगळा बोर्ड करून घ्या, मीटरजवळ ईएलसीबी (विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच) बसवा, माळ्यावरची जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असणार ती सगळी काढा. वायरिंग हे तिसऱ्या कामाच्या आधीचं समजा, ते टाळायचं नाही.

पाणी जायची वाट. हे काम कोणी करत नाही कारण ते दिसत नाही. तुमचं छप्पर हजार चौरस फुटांचं धरलं, म्हणजे ९३ चौरस मीटर, तर साडेतीन हजार मिलिमीटरने चार महिन्यांत त्यावरून सव्वातीन लाख लिटर पाणी खाली येतं आणि ते सगळं घराच्या चारी बाजूंनी पागोळ्यांतून पायाजवळच पडतं. जुन्या लोकांनी पागोळीखाली चिऱ्यांची उथळ गटारी केलेली असते. चार वर्षांत ती मातीखाली गेली असेल. खणून शोधा, असणारच. घराच्या वरच्या अंगाने येणारं पाणी अडवायला एक चर मारा आणि तो गडग्यातून (दगडी कुंपणातून) बाहेर निघतो ना ते बघा, कारण बंद घरांच्या गडग्यांची भोकं पाल्याने नाहीतर शेजाऱ्याने बुजवलेली असतात. शेजाऱ्याने बुजवली असतील तर भांडू नका, आंब्याची पेटी घेऊन जा.

पावसाळी पन्हळी लावून ते पाणी टाकीत भरायची कल्पना तुम्ही लिहिलीय, चांगली आहे, पण एवढं ध्यानात घ्या की जूनमध्ये भरलेल्या टाकीचा उपयोग शून्य, तेव्हा पाणी सगळीकडेच असतं. टाकी भरायची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात आणि ते पाणी एप्रिलमध्ये वापरायचं. जांभा चाळणीसारखा आहे, इतका पाऊस पडूनही आमच्या वरच्या वाडीतल्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात.

तुमची विहीर किती दम धरते ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात कळेल. दोरीला गाठ मारून रोज सकाळी पाणी किती हातावर आहे ते कॅलेंडरवर लिहा. हा आकडा तुमच्या सगळ्या बागेचा बाप आहे. गाळ काढायचा असेल तर तेव्हाच, पाणी सगळ्यात खाली असताना, पण माणूस उतरवण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर कोणीही उतरायचं नाही, आणि विहिरीत इंजिनाचा पंप तर कधीच उतरवायचा नाही. या दोन्ही गोष्टींत माणसं गेलेली आहेत.

आईंसाठी घरात संडास-बाथरूम हवं म्हणालात, तेवढं मात्र याच उन्हाळ्यात करा, रात्री परसात कंदील घेऊन जायचं वय नाही त्यांचं. फक्त शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला, जांभा असेल तर त्याहूनही लांब नेता आला तर उत्तम. गवंडी म्हणेल इथे जवळच घेऊ, पाइप वाचेल. ऐकू नका त्याचं.

रंग का नको ते सांगते. चार वर्षं बंद असलेल्या घराची भिंत कुठे ओल धरते हे तुम्हाला आज माहीत नाही, एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या ठणठणीत दिसतात. जुलैमध्ये दोन दिवस रजा काढून या, हातात खडू घ्या आणि जिथपर्यंत ओल चढलीय तिथे भिंतीवर रेघ मारून तारीख घाला. मग ठरवा. आम्ही हे न करता एका उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर आणि वर महागडा वॉटरप्रूफ रंग दिला होता, गवंड्याने दहा वर्षांची गॅरंटी दिलेली. ओल बाहेर निघेना म्हणून आत यायला लागली. तिसऱ्या वर्षी आतल्या बाजूचा गिलावा हाताने पापुद्र्यासारखा निघत होता आणि शेवटी बाहेरचं सगळं प्लास्टर फोडून चिरा मोकळा केला. आता आत चुना, बाहेर उघडा चिरा, आणि पावसाळ्यात पश्चिमेला माडाची झापं विणून बांधतो, दिसायला जुनाट पण भिंत कोरडी. फरशीचंही तसंच, जमिनीतून ओल येते का बघून मग. या उन्हाळ्यात माजघर आणि ओटी सारवून घ्या. मुलांना शेणात हात घालायला लावा, पहिले दोन दिवस नाक मुरडतील मग तुम्हाला हात लावू देणार नाहीत.

आता बाग. तुमचा उत्साह बघता तुम्ही एप्रिलमध्येच नर्सरीत जाऊन गाडी भरून रोपं आणाल अशी मला भीती वाटते. आणू नका. पाणी सगळ्यात कमी आणि ऊन सगळ्यात जास्त असताना नवीन रोप लावणं म्हणजे नुसतं वाया घालवणं. उन्हाळा हा खड्ड्यांचा हंगाम. आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, दोन झाडांत दहा मीटर अंतर, काजूला दोन फुटांचा खड्डा पुरे आणि सात-आठ मीटर. एप्रिलमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू द्यायचे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं सुपर फॉस्फेट घालून भरायचे, जमिनीपेक्षा चार बोटं उंचच भरायचे कारण पावसात माती बसते आणि खळगा झाला की मूळ कुजतं. लागवड जूनच्या मध्याला, पाऊस नीट रुळल्यावर. मधोमध एक काठी ठोकून ठेवा म्हणजे तुम्ही नसलात तरी गडी बरोबर जागी लावेल.

काय लावायचं? हापूस तर आहेच तुमच्याकडे. आपल्याला विकायचं नाहीये, घरच्यांना खायचंय, मग दोन रत्ना लावा, नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जात आहे, फळ मोठं येतं आणि हापूससारखा साका (गर आतून पांढरट, खराब होणं) होत नाही. लोणच्याला एक कोकण रुची. काजू वेंगुर्ला चार किंवा सात. आणि कोकम लावाल तर कलमच घ्या, रोप नको. कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, बी लावून उगवलेलं झाड नर आहे हे सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर कळतं. आमच्या सासऱ्यांनी पाच रोपं लावली होती, त्यातली तीन नर निघाली, अजून उभी आहेत, सावली छान देतात. कलम कुठलंही असो, जोडावरची प्लास्टिकची पट्टी लावल्यावर काही महिन्यांत कापून टाकायची. ती तशीच राहिली तर खोड जाड होताना गळ्यात रुतते आणि दोन वर्षांचं तरणंताठं झाड एका वाऱ्यात तिथेच मोडतं. जोडाच्या खालून फूट आली तर ती खुडायची, नाहीतर खालचा रायवळ (बीपासूनचा गावठी आंबा) वाढतो आणि हापूस मरतो.

या उन्हाळ्यात काम करायचं ते असलेल्या झाडांवर. सुकलेल्या फांद्या, बांडगुळं आत्ताच काढा, कारण बांडगूळ एकदा पसरलं की झाडाचा रस शोषून त्याला वाळवून टाकतं. लहान कलमं कोणी मधल्या काळात लावलेली असतील तर त्यांना मडक्याने पाणी द्या. जुनं मडकं, बुडाला खिळ्याने बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात घट्ट ओवायची, मडकं खोडापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर करवंटी झाकायची नाहीतर डास होतात. वात फार सैल असेल तर रात्रीत रिकामं, फार घट्ट असेल तर आठ दिवस भरलेलंच, दोन-तीनदा करून बघितलं की हात बसतो. आमचं एक मडकं चार दिवस पुरतं. भोवती वाळलेला पाला वीतभर जाड पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवीला जिना मिळतो. आणि तो पाला जाळून वाडी "स्वच्छ" करायचा मोह गड्याला होईल, त्याला आधीच सांगून ठेवा. वाडीच्या कडेने मात्र दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून पार मोकळा करा. वणवा शेजारच्या सड्यावरून (उघड्या कातळमाळावरून) येतो आणि त्याला तुमचा गडगा दिसत नाही.

भाजीपाला एप्रिलमध्ये फार लावू नका. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि चार केळी, सहा माणसांच्या आंघोळीच्या पाण्यावर ती आरामात जगतात, आणि विहिरीजवळ एक वाफा लाल माठाचा. बस. मेच्या शेवटी सुरण, हळद, आलं मातीत घाला, ते पहिल्या पावसाबरोबर आपोआप वर येतं आणि तुम्ही नसताना माकडंही त्याला हात लावत नाहीत. रानडुक्कर मात्र सुरण उकरतो, तेव्हा घराजवळ लावा. पडवळ, दोडकं, काकडी यांचा मांडव आत्ताच उभा करून ठेवा, पावसात खांब रोवायला कोणी येत नाही. खळ्यावरचा मांडव उतरवला की त्याच्याच काठ्या त्याला होतात.

राहण्याचं म्हणाल तर दिवस दोन तुकड्यांत करायचा. सहा ते साडेदहा काम, मग आत, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. मधल्या वेळेत तुमच्या मीटिंगा. दुपारी व्होल्टेज पडतं, तेव्हा पाणी सकाळीच टाकीत चढवा. आंबे काढणं सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. काढलेला आंबा उन्हात तापत ठेवू नका, सावलीत आणा, मग पेंढ्यात आढी घाला, म्हणजे पिकायला रचून ठेवा. फळमाशीला रक्षक सापळा टांगा, स्वस्त आहे. कोकमं मेमध्ये पिकतात, साली वेगळ्या करायच्या, गराचा रस मिठात घालायचा, साली त्यात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं चार-पाचदा, तेव्हा कुठे आमसूल काळं आणि मऊ होतं. एकदाच वाळवून डब्यात भरलं तर श्रावणात बुरशी. आई आहेत बरोबर, त्यांना हे सगळं येत असणार, त्यांना विचारा. आणि ताटं नेहमी छपराच्या बाजूला वाळत घाला, वळीव सांगून येत नाही, पंधरा ताटं खळ्याच्या टोकाहून पळवताना काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

निघताना पाच गोष्टी करायच्या म्हणून लोक यादी पाठवतात, मी दोनच सांगते. गाद्या-रजया माळ्यावर नको, माजघरात दोरीवर टांगा, भिंतीपासून हातभर लांब. आणि किल्ली शेजारी द्या, अगदी कोणाला पटत नसेल तरी, कारण पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री कोणीतरी आत जाऊन गळतंय का बघायला हवं. त्यांना आधीच रिकाम्या बादल्या कुठे ठेवल्यात ते दाखवून ठेवा आणि एक टॉर्च तिथेच दाराच्या खुंटीला अडकवा, सेल बाहेर काढून, आत ठेवले की पावसाळ्यात गळतात.